ग्रिलच्या ब्रशची तार घासात येऊ नये म्हणून

बार्बेक्यूची जाळी घासताना तारेच्या ब्रशची एखादी तार तुटते आणि जाळीवरच चिकटून राहते. पुढच्या वेळी ती भाजत ठेवलेल्या तुकड्यात रुतते आणि घासाबरोबर पोटात जाते. जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची, काजळीने काळी पडलेली तार खाणाऱ्याला दिसतच नाही. अमेरिकेत 2002 ते 2014 या काळात अशा इजांमुळे सुमारे 1,700 वेळा लोकांना तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालय गाठावं लागलं, असा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. आतड्याला भोक पडून शस्त्रक्रिया करावी लागल्याच्याही नोंदी आहेत.

1. आधी ब्रश बघा. तारा वाकड्या झाल्या आहेत का, मधेच विरळ झाल्या आहेत का? चार-पाच तारा चिमट्याने ओढून पाहा. एक जरी हातात आली, तरी ब्रश टाकून द्या. सैल झालेला ब्रश ‘अजून थोडे दिवस’ वापरू नका. तो नेमका याच दिवसांत तारा सोडतो.

2. जाळी गरम करा. झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं तापवली की चिकटलेलं जळून कोरडं होतं आणि कमी जोर लावून निघतं. जितका जोर जास्त, तितक्या तारा जास्त तुटतात. जाड हातमोजे घाला.

3. हळू घासा, जाळीच्या दांड्यांच्या दिशेने.

4. पुसा. हीच पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. आच बंद करून जाळी निवू द्या, मग ओल्या जाड कापडाने दोन्ही बाजू आणि दांड्यांचे सांधे पुसून घ्या. कापड नीट बघा, जाळीवर टॉर्च तिरका धरा, तार चमकते. लोहचुंबकावर भिस्त ठेवू नका. पितळेची तार त्याला चिकटत नाही, स्टेनलेस स्टीलचीही बऱ्याचदा नाही.

तारेचा ब्रश नकोच असेल तर उत्तमच. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा गोळा चिमट्यात धरून गरम जाळी घासता येते, किंवा लाकडी खरवडणी वापरता येते. नायलॉनचा ब्रश मात्र थंड जाळीवरच, नाहीतर वितळतो. फारच थर बसला असेल तर थंड झालेली जाळी साबणाच्या गरम पाण्यात भिजत घाला.

ग्रिलवरचं खाल्ल्यावर गिळताना टोचलं, घशात एकाच जागी दुखत राहिलं किंवा पोटात जोराची कळ आली, तर कोरडा घास गिळून ती तार खाली ढकलायला जाऊ नका, उलटीही काढू नका. लगेच डॉक्टरकडे जा आणि ‘ग्रिलवरचं खाल्लंय, ब्रशची तार असू शकते’ हे आपणहून सांगा. इतकी बारीक तार साध्या एक्स-रेत निसटू शकते. डॉक्टरांना शंका आली तर ते सीटी स्कॅन सांगतील.