सिगार मुरवायचाय? मग आधी डबा बघा

कोणीतरी दुबईहून क्युबन सिगारचा बॉक्स आणतं, आपण तो कपाटात टाकतो आणि म्हणतो मुरू दे दोन वर्षं. अहो मुंबईत एका पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, आणि पुण्यात मे महिन्यात वाळून कुडकुडीत होतो, दोन वर्षं राहिली बाजूला.

सिगार मुरतो म्हणजे पान आतल्या आत हळूहळू आंबत राहतं, अमोनिया उडून जातो, तेलं एकमेकांत मिसळतात. त्याला हवा लागते पण जेमतेम. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो ना, तेवढीच. जास्त हवा लागली की वासच उडून जातो.

आता पॅकिंग. रंगीत कागद चिकटवलेला बॉक्स असतो ना, ज्यात २५ सिगार दोन थरांत दाबून बसवलेले असतात आणि दाबामुळे थोडे चौकोनी होतात, मॉन्टेक्रिस्टो नंबर २ बहुतेक त्यात दिसतो, तो दोनचार वर्षांसाठी ठीकच आहे. त्याहून जास्त ठेवायचे असतील तर साध्या लाकडाचा, सरकत्या झाकणाचा कॅबिनेट बॉक्स बघा, उदा. होयो द मॉन्तेरेचा एपिक्युर नंबर २, ५० ची जुडी रिबिनीने बांधलेली. मधल्या सिगारच्या चहूबाजूंनी तंबाखूच असल्याने ओलावा झटकन वर-खाली होत नाही, आणि दाब नसल्याने गोलच राहतात. लाकूड म्हणजे ज्याला स्पॅनिश सीडर म्हणतात ते, खरं तर सीडर नाहीच, महोगनी आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड.

ट्यूबवाले, म्हणजे रोमियो वाय ज्युलिएताचे वगैरे, ॲल्युमिनियमच्या नळीत असतात, आत लाकडाचा पातळ पापुद्रा. मी तीन नळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या होत्या, म्हटलं नळी आहे म्हणजे सुरक्षित, चार महिन्यांनी उघडलं तर वरचं पान उभं चिरलेलं. नळी हवाबंद नसते हो! प्रवासात झाकण घट्ट, पण डब्यात मुरायला ठेवताना सैल करा.

सेलोफेन बहुतेक निकाराग्वा, डॉमिनिकनच्या सिगारवर असतं. ते प्लास्टिक नाही, लाकडाच्या लगद्यापासून बनतं, त्यातून वाफ जाते-येते पण मुरणं थोडं मंदावतं. वर्षांनुवर्षं ठेवलं की तेलाने पिवळं पडतं, उजेडात धरलं तर चहाचा डाग पडलेल्या बनियनसारखं दिसतं, आणि जुना माल ओळखायची हीच सोपी खूण. काढायचं की नाही यावर लोक भांडतात. माझं मत, डब्यात वेगवेगळे ब्रँड असतील तर राहू द्या म्हणजे एकाचा वास दुसऱ्याला लागत नाही, सगळे एकच असतील तर काढा. पुठ्ठ्याच्या छोट्या पाकिटांतून मात्र लगेच काढा, पुठ्ठा ओलावा ओढतो.

बॉक्स आला की आधी तळ बघा, क्युबन असेल तर स्पॅनिश महिना आणि साल शिक्क्यात असतं (उदा. ENE म्हणजे एनेरो, जानेवारी), वय तिथून मोजा. मग झिपलॉकमध्ये घालून तीन दिवस फ्रीझर, एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर. तंबाखूतल्या किड्याची अंडी असली तर मरतात, नाहीतर आपल्या उकाड्यात किडा निघतो आणि टाचणीएवढी भोकं पाडतो. त्यानंतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, आत बॉक्स तसाच, सोबत ओलावा ६५ टक्क्यांवर राखणारं बोवेडा पाकीट आणि एक हायग्रोमीटर, म्हणजे ओलावा मोजायचा मीटर. हायग्रोमीटरवर आंधळा विश्वास नको, बाटलीच्या बुचात मीठ, चार थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळायला नको, ते आणि मीटर झिपलॉकमध्ये दिवसभर ठेवा, ७५ दाखवायला हवं. ७१ दाखवलं तर पुढे नेहमी ४ मिळवायचे. डबा १८ अंशांच्या आसपास राहील अशी जागा आपल्याकडे एसीच्या खोलीतच सापडते, माझा बेडरूममध्ये आहे, बायको म्हणते आईच्या लोणच्याला कधी एवढं जपलं नाहीस.

दर तीन-चार आठवड्यांनी झाकण दोन मिनिटं उघडा. अमोनियाचा झणझणीत वास आला तर बंद करून सहा महिने विसरून जा, नुकत्याच सोललेल्या पेन्सिलीसारखा आणि खाली थोडा गोडसर आला तर एक काढून बघायला हरकत नाही.