वय झालेला बॅरल रेसिंगचा घोडा विकायचाय? किंमत अशी काढा

अमेरिकेत टेक्सास, ओक्लाहोमाकडं ज्यांच्या घरी पोरगी बॅरल रेसिंग (तीन पिंपांना वळसे घालत घोडा पळवायची घड्याळावरची शर्यत) करते त्यांच्यापुढं हा प्रश्न कधी ना कधी येतोच. घोडा 15-16 वर्षांचा झालाय, अजून मस्त पळतोय, पोरगी कॉलेजला निघाली, आता विकायचा तर मागायचे किती? बरेच जण त्यानं आजवर जिंकलेले पैसे मोजतात आणि त्यावरून आकडा लावतात, पण घेणारा पैसे देतो ते त्याच्या पुढच्या तीन-चार सीझनचे, मागचे दहा सीझन तुमचे होते आणि तुम्ही ते वसूल केलेत.

वय झालं म्हणून घाबरून मातीमोल भाव लावायचंही कारण नाही. बॅरल रेसिंगची नावाजलेली अमेरिकन रायडर चार्मेन जेम्स हिचा घोडा स्कॅम्पर 1977 चा होता, आणि 1984 ते 1993 अशी सलग 10 वर्ल्ड टायटल तिनं त्याच्यावर जिंकली, म्हणजे शेवटच्या टायटलला तो 16 चा होता! सगळे स्कॅम्पर नसतात हे मान्य, पण चांगला सांभाळलेला घोडा या वयात पळतो हे या लाइनीतल्या सगळ्यांना माहितीये.

आधी टायमिंग. आपल्याकडं सारंगखेड्याच्या बाजारात भोवरे, उंची, चाल बघतात, इथं पहिला प्रश्न घड्याळाचा. फक्त गेल्या 12 महिन्यांतले टाइम काढा, चार वर्षांपूर्वीचा बेस्ट टाइम जाहिरातीत टाकला की लोक लगेच विचारतात, हल्लीचे कुठंयत? आणि नुसते सेकंद सांगून भागत नाही. स्टँडर्ड पॅटर्नमध्ये पहिल्या दोन बॅरलमध्ये 90 फूट आणि तिसऱ्यापर्यंत 105 फूट असतं, पण सगळ्या अरीनात (रेसच्या मैदानात) तेवढी जागा नसते, त्यामुळं एका ठिकाणचे 15 सेकंद आणि दुसरीकडचे 17 यांची तुलनाच होत नाही. म्हणून प्रत्येक टाइमसोबत अरीना लिहा आणि त्या दिवशी जिंकणाऱ्यापेक्षा किती मागं होता ते लिहा. डिव्हिजन (रेसमधले वेगाचे गट) तशाच ठरतात ना, सगळ्यात फास्ट टाइमपासून अर्ध्या सेकंदाच्या आत वनडी, अर्धा सेकंद मागं गेलं की टूडी, एक सेकंद मागं थ्रीडी. गावातल्या वीस जणींच्या रेसमध्ये वनडी आलेला घोडा मोठ्या शोला थ्रीडीत जाऊ शकतो, आणि किंमत मोठ्या शोच्या हिशोबानंच मिळते. बॅरल किती वेळा पाडलं तेही सांगा, रोडिओत (काउबॉय खेळांच्या स्पर्धेत) त्याचे 5 सेकंद जास्त लागतात आणि डिव्हिजनच्या रेसमध्ये बहुतेक ठिकाणी टाइमच मिळत नाही.

आता पाय. वय झालेल्या घोड्याची किंमत खरी इथं ठरते. वळताना सगळा भार मागच्या पायांवर येतो, त्यामुळं हॉकमध्ये (मागच्या पायाच्या घोट्याच्या सांध्यात) आर्थरायटिस हा या घोड्यांत नेहमीचाच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. जाहिरात टाकायच्या आधीच व्हेटकडून हॉक, स्टायफल (मागच्या पायाचा गुडघा) आणि पुढच्या खुरांचे एक्स-रे काढून घ्या, लंगडतो का बघायला फ्लेक्शन टेस्ट (पाय थोडा वेळ दुमडून धरून लगेच पळवून बघायची) करून घ्या. मग एका कागदावर सगळा मेंटेनन्स लिहा: हॉकला इंजेक्शन शेवटचं कधी दिलं, किती महिन्यांनी लागतं, अल्सरचं औषध, पळताना फुप्फुसातून रक्त येतं म्हणून लॅसिक्स लागतं का, नाल साधी की स्पेशल. घेणारा स्वतःचा व्हेट आणणारच, रक्त काढून पेनकिलर आहे का तेही तपासेल, आणि न सांगितलेली एक गोष्ट जरी सापडली तरी सौदा तिथंच मोडतो, शिवाय बॅरलवाल्यांत बातमी पसरायला वेळ लागत नाही. कॉगिन्स टेस्टचा (घोड्यांच्या संसर्गजन्य अ‍ॅनिमियाच्या रक्ततपासणीचा) कागदही ताजा ठेवा.

तिसरं, त्याच्यावर कोण बसू शकतं. माझ्या मते वय झालेल्या घोड्याला यानंच सगळ्यात जास्त भाव येतो. बारा वर्षांच्या मुलीला घेऊन शांतपणे अ‍ॅलीत (अरीनात शिरायच्या बोळात) जाणारा, ट्रेलरमध्ये गुमान चढणारा, नवीन ठिकाणी न बिथरणारा थ्रीडीचा घोडा कधीकधी गेटवर अडून उभा राहणाऱ्या वनडीच्या घोड्यापेक्षा महाग जातो, कारण तो घेणाऱ्या आईबापांना पोरगी सुखरूप घरी यायला हवी असते.

हिशोब मी असा करते. समजा तसाच पळणारा, पाय स्वच्छ असलेला 9-10 वर्षांचा घोडा तुमच्या भागात 30,000 डॉलरला जातो. (जाहिरातीतला आकडा धरू नका, विकला गेला तो धरा, ट्रेनरला विचारा, लिलावाचे निकाल बघा.) 16 व्या वर्षासाठी निम्मे केले, राहिले 15,000. मेंटेनन्स वर्षाला 2,500 जास्त, तीन सीझनचे 7,500, ते सगळे कापायचे नाहीत कारण थोडाफार खर्च कुठल्याही बॅरलच्या घोड्याला असतोच, 4,000 कापले, राहिले 11,000. मुलांसाठी खरंच सेफ असेल तर 3,000 वाढवा. 14,000 आले, मग मागा 15,500. घोडी असेल आणि रक्त चांगलं असेल तर ब्रीडिंगचा भाव वेगळा मिळतो, पण गर्भाशयाची तपासणी केल्याशिवाय तो धरू नका, 15 नंतर गाभण राहणं अवघड होत जातं. खच्ची घोड्याला हा प्रश्नच नाही.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लवकर जावा म्हणून हजार-बाराशेला टाकू नका. अमेरिकेतले घोड्यांचे कत्तलखाने 2007 मध्ये बंद झाले तरी घोडे मेक्सिको आणि कॅनडाला जातातच, आणि स्वस्त घोडा लिलावात एकदोन हात फिरला की तो कुठं गेला ते कळत नाही. ज्यानं तुमच्या मुलीला इतकी वर्षं सांभाळून पळवलं त्याला असं जाऊ द्यायचं नाही.

महिन्या-दीड महिन्यात बघायला कुणीच आलं नाही तर 10 टक्के उतरवा. लोक येतायत, पळवून बघतायत आणि तरी घेत नाहीयेत, तर अडचण किमतीत नसते, व्हिडिओ आणि प्रत्यक्ष घोडा यात फरक पडतोय. घर चांगलं वाटलं आणि पैसे थोडे कमी पडत असतील तर आधी एका सीझनसाठी लीजवर द्या, नंतर विकत घ्यायची सोय ठेवून. आणि बिल ऑफ सेलमध्ये (विक्रीच्या कागदात) एक ओळ घालाच, की पुढं विकायचा झाला तर आधी तुम्हाला विचारायचं, कुठल्या किमतीला आणि किती दिवसांत उत्तर द्यायचं तेही त्यातच लिहून दोघांच्या सह्या घ्या.