एचआर असोसिएशनमध्ये मेंबर म्हणून कामाला हातभार कसा लावायचा, सोलापूरवाल्यांसाठी

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या कुठल्याही मध्यम कारखान्यात जा, एचआर म्हणजे एकटा माणूस असतो. हजेरी तोच बघतो, पगार तोच काढतो, पीएफ-ईएसआय (कामगारांचा भविष्य निधी आणि आरोग्य विमा) त्याच्याकडेच, कॅन्टीनमधल्या डाळीत पाणी जास्त झालं तरी बोलणी तोच खातो. शंका आली तर विचारायला वर कोणी नसतं, मालकाला फक्त "झालं का?" एवढंच माहिती. मी पण असाच, टॉवेलच्या कारखान्यात. म्हणून एचआरवाल्यांच्या असोसिएशनचं मेंबर व्हा असं सांगतोय, पण फी भरून मागच्या रांगेत बसायचं, भाषण ऐकायचं, जेवायचं आणि घरी यायचं, असं मी पहिलं वर्ष अख्खं केलं आणि शिकलो काही नाही. कामाला लागल्यावर शिकलो.

आधी कुठं जायचं ते. देशपातळीवर एनआयपीएम (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट) आहे, १९८० मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन झालेली, आणि एनएचआरडीएन (नॅशनल एचआरडी नेटवर्क) आहे १९८५ पासूनची. दोन्हीची शहराशहरात चॅप्टर म्हणजे शाखा असतात, पुण्यात दोन्हीची आहेत. आपल्या जवळ कुठलं चालू आहे ते बघा, म्हणजे नुसतं कागदावर नाही, गेल्या सहा महिन्यांत त्यांनी काही कार्यक्रम घेतलाय का ते विचारा. पुण्याचा कार्यक्रम असेल तर पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, रात्री परत घरी, रजा एकच दिवसाची जाते. आजीवन मेंबरशिप लगेच घेऊ नका हो, एक वर्ष बघा आधी.

मग सेक्रेटरीला मेसेज करायचा. "सर काही सेवा असेल तर सांगा" असा मेसेज टाकला की समोरून हात जोडलेला इमोजी येतो आणि विषय संपतो. त्यापेक्षा असं लिहा: महिन्यातून दोन रविवार सकाळचे तीन तास देतो, एक्सेल येतं, पीएफ पोर्टल रोज वापरतो, तेलुगू बोलता येतं. तेलुगू मुद्दाम म्हणतोय. आपल्या लूमवर, शिलाईत, विडीच्या कामात तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसं किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, आणि कायद्याचे तक्ते मात्र मराठी-इंग्रजीत. ज्याला ती भाषा येते त्याला काम मिळणारच.

पहिलं काम रजिस्ट्रेशनच्या टेबलाचं घ्या. कमीपणा वाटतो पण त्या टेबलावरून प्रत्येक माणूस जातो, नाव-कंपनी-हुद्दा तुमच्या हाताने लिहिला जातो, आणि पुढच्या वेळी ग्रॅच्युइटीवर अडलं की फोन कोणाला करायचा हे कळतं. माझ्या फोनमधले निम्मे कामाचे नंबर त्या टेबलाचे आहेत.

त्यानंतर जे येत नाही तेच काम मागायचं. मला पीएफमधली नावदुरुस्ती कधीच धड जमत नव्हती, म्हणून कामगारांसाठी ई-नॉमिनेशनचा (पीएफला ऑनलाइन वारसदार नोंदवायचा) कॅम्प ठेवायचं ठरलं तेव्हा मीच हात वर केला आणि पहिल्याच कॅम्पला माती खाल्ली. चाळीसेक बायका आल्या, शिलाई आणि फोल्डिंग सेक्शनच्या. सगळ्यांना आधार कार्ड आणायला सांगितलं होतं, पण आधारला जोडलेला मोबाईल सोबत आणा हे सांगायचंच राहिलं. ओटीपी जातोय पुण्यात नोकरी करणाऱ्या पोराच्या फोनवर आणि पोरगं कामात, फोन उचलेना. वर निम्म्यांचं आधारवर सासरचं नाव आणि पीएफला माहेरचं, म्हणजे आधी जॉइंट डिक्लेरेशन (नावदुरुस्तीचा अर्ज), मग बाकीचं. दुपारपर्यंत सात-आठच झाले. एक मावशी म्हणाल्या, "आमची हजेरी गेली ना बे फुकट." खरं होतं. तर तुम्ही कॅम्प घ्याल तेव्हा आठ दिवस आधी यादी काढा, तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या: आधारला कुठला नंबर जोडलाय, दोन्हीकडे नाव सारखं आहे का, वारसदाराचा आधार आणि फोटो आहे का. ज्यांचं नाव जुळत नाही त्यांची वेगळी रांग. पीएफ ऑफिसवाले दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" शिबिर घेतात, अडकलेल्या केस तिथं घेऊन जा.

तारखा ठरवणं हे पण कामच आहे. पीएफ-ईएसआय १५ तारखेपर्यंत भरायचं असतं त्यामुळे त्याच्या आत एचआरवाला कुठं हलत नाही, कार्यक्रम १६ नंतरच ठेवा. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा तर ठेवूच नका, हॉलमध्ये तुम्ही आणि माईकवाला दोघंच. दिवाळीआधी बोनसची गडबड, तेही सोडा.

सध्या शिकायला सगळ्यात भारी काम म्हणजे नवीन लेबर कोड, कामगार कायद्यांच्या चार नव्या संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लागू झाले, जुने २९ कायदे त्यात गेले. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, हे वाचायला सोपं, पण आपल्या पगारपत्रकावर बसवताना डोकं फिरतं. चार-पाच कारखान्यांचे एचआर मिळून अभ्यासगट करा आणि एकेकाने एक प्रकरण समजावून सांगायचं. दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की स्वतः नीट वाचावंच लागतं. फक्त उदाहरणाला खोटे आकडे घ्या, आपल्या कंपनीचं पगारपत्रक तिथं उघडायचं नाही, एकदा उघडलं की दुसऱ्या दिवशी मालकाच्या कानावर जातं.

मालकाला आधीच सांगून ठेवा, लेखी मेलवर, आणि त्याचा फायदा सांगा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर पॉशची (कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याची) अंतर्गत समिती लागते, त्यात बाहेरचा एक सदस्य लागतो. तो शोधायला आमच्या मालकांना सहा महिने जमलं नव्हतं, मला असोसिएशनमधल्या ओळखीतून दोन फोनमध्ये मिळाला. त्यानंतर रविवारच्या मीटिंगबद्दल कुरकुर बंद.

पदाच्या मागे लागू नका लगेच. खजिनदार केलं तर मात्र घ्या, पण हॉलचं भाडं, चहा, फ्लेक्स, प्रत्येकाचं बिल त्याच दिवशी फोटो काढून ग्रुपवर टाका. आणि बायोडाटात "सक्रिय सदस्य" असं लिहू नका, किती कॅम्प घेतले, किती जणांचं नॉमिनेशन पूर्ण झालं ते लिहा. माझा आकडा पहिल्या कॅम्पचा आठ, दुसऱ्याचा एकतीस.