वांगी-टोमॅटोवरील जिवाणूजन्य मर: पावसाळी लागवडीआधी घ्यावयाचे निर्णय

मृगाच्या सरी सुरू झाल्या की कोकण, गोवा आणि घाटालगतच्या तालुक्यांत वांगी, टोमॅटो व मिरचीच्या लागवडीची लगबग सुरू होते. पुढे पावसाने उघडीप देऊन ऊन तापले की फुलोऱ्यात आलेली हिरवीगार झाडे एकाएकी माना टाकू लागतात. ही मर बहुधा रालस्टोनिया या जिवाणूमुळे होते आणि ती शेतात दिसू लागल्यावर हाती फारसे काही उरत नाही. त्यामुळे जमीन, जात, रोप आणि पाणी यांविषयीचे निर्णय लागवडीपूर्वीच घ्यावे लागतात.

मर दिसताच कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशक आणून आळवणी करण्याची घाई करू नये, कारण मर बुरशीनेही होते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. बुरशीजन्य मरीत खालची पाने आधी पिवळी पडतात व झाड सावकाश वाळते; जिवाणूजन्य मरीत पाने हिरवी असतानाच झाड लोळते, सुरुवातीला संध्याकाळी सावरल्यासारखे दिसते आणि दोन-चार दिवसांत कायमचे जाते. वांग्याचा केवळ शेंडाच सुकला असेल तर तो चिरून शेंडा पोखरणारी अळी आहे का, हेही पाहावे. नक्की काय आहे ते घरच्या घरी तपासता येते. नुकतेच मलूल झालेले झाड उपटून जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापावा, माती धुऊन टाकावी आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात कापलेले टोक जेमतेम बुडेल असा तो न हलवता धरावा. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागे सरळ खाली उतरू लागले तर रोग जिवाणूजन्य समजावा. हे पाणी शेतात, विहिरीजवळ किंवा पाटात ओतू नये आणि चाकू उकळत्या पाण्यात बुडवून काढावा.

ते दुधाळ धागे म्हणजे जिवाणू आणि त्यांनी तयार केलेला चिकट पदार्थ होय. अमेरिकेतील अर्विन स्मिथ यांनी 1896 मध्ये या जिवाणूचे वर्णन केले. त्यानंतरच्या संशोधनातून त्याची जी रीत समोर आली आहे, ती शेतकऱ्याला उपयोगी पडणारी आहे. खुरप्याने, सूत्रकृमींनी (मुळांवर जगणाऱ्या मातीतील सूक्ष्म कृमींनी) किंवा नव्या उपमुळांच्या फुटव्याने मुळाला जी बारीकशी जखम होते, तिच्यातून तो आत शिरतो. संख्या कमी असेपर्यंत तो फारसा उपद्रव दाखवत नाही. मात्र गर्दी वाढली की जिवाणू एका रासायनिक संकेताने एकमेकांना ओळखतात व चिकट द्रव मोठ्या प्रमाणावर तयार करू लागतात. पाणी वाहून नेणाऱ्या नलिका त्यामुळे तुंबतात आणि ओल्या जमिनीत उभे असूनही झाड तहानेने मरते. अशा वेळी पाणी वाढवणारा शेतकरी नकळत रोगालाच वाट करून देतो.

फवारणी नलिकांच्या आतपर्यंत पोहोचत नाही. प्रतिजैविकांच्या आळवणीवरही भरवसा ठेवू नये. स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लिनच्या शेतीतील वापरावर बंदी आणण्याचा मसुदा केंद्र सरकारने 2021 मध्येच काढला होता. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी व स्यूडोमोनास हे उपयुक्त जिवाणू शेणखतात मिसळून जरूर द्यावेत, पण रोगट जमिनीत केवळ त्यांच्या जोरावर लागवड करणे धाडसाचे ठरेल.

गेल्या हंगामात मर झालेल्या जमिनीत यंदा वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा घेऊ नये. भुईमूग, आले आणि केळी हीदेखील याच जिवाणूला आसरा देणारी (यजमान) पिके असल्याने त्यांची फेरपालट म्हणजे फेरपालट नव्हे. भात, मका किंवा ज्वारी घ्यावी. भातखाचरात काही महिने पाणी साचून राहिल्याने जिवाणूंची संख्या घटते, म्हणून कोकणात भातानंतर रब्बीत भाजीपाला घेण्याची जुनी पद्धत या बाबतीतही फायद्याची आहे. बांधावरची कामोणी व रानवांगी उपटून टाकावीत. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात वरच्या वाफ्यातले पाणी खालच्या वाफ्यात उतरते, तेव्हा वरच्या शेजाऱ्याकडे मर होती का, हे विचारून घेण्यात संकोच करू नये.

जातींची निवड आपल्या भागातील अनुभव पाहूनच करावी. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा टोमॅटोचा अर्का रक्षक हा संकरित वाण, केरळ कृषी विद्यापीठाची सूर्या व हरिता ही वांगी आणि उज्ज्वला ही मिरची मरीला प्रतिकारक म्हणून ओळखली जातात. तथापि या जिवाणूचे प्रकार प्रदेशागणिक इतके बदलतात की 2014 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची तीन प्रजातींत विभागणी केली. एका जिल्ह्यात टिकलेली जात दुसऱ्या जिल्ह्यात टिकेलच असे नाही. सूत्रकृमी फार असतील किंवा उष्मा वाढला तरीही प्रतिकारशक्ती कमी पडते. पहिल्या वर्षी थोड्या ओळीच लावून पाहाव्यात.

मर ठरलेलीच आहे अशा जमिनीत टोमॅटो घ्यायचाच असेल, तर प्रतिकारक वांग्याच्या खुंटावर (मुळांसह खालच्या खोडावर) बांधलेली कलमी रोपे हा सध्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने ईजी 203 या वांग्याच्या खुंटाची शिफारस याच कामासाठी केली आहे. रोपाची किंमत जास्त पडते, परंतु निम्मा प्लॉट गमावण्यापेक्षा ती परवडते. लावताना कलमाचा जोड जमिनीच्या वरच राहील याची काळजी घ्यावी आणि पुढे मातीची भर देताना तो झाकू नये. जोड मातीखाली गेला की टोमॅटोला स्वतःची मुळे फुटतात, त्यांतून जिवाणू शिरतो व कलमावरचा खर्च वाया जातो.

लागवड उंच गादीवाफ्यावर करावी, चर मोकळे ठेवावेत आणि शक्य असल्यास पाटपाण्याऐवजी ठिबक वापरावे. झाडे मोठी झाल्यावर मुळांजवळ खोल खुरपणी करू नये. तण हाताने काढावे. मेलेले झाड भोवतालच्या मातीसकट पिशवीत भरून शेताबाहेर खोल पुरावे, उकिरड्यावर किंवा ओहोळात टाकू नये. झाड काढलेल्या जागच्या खड्ड्यात ब्लिचिंग पावडर टाकून त्या ओळीचे पाणी काही दिवस थांबवावे. रोगट वाफ्यातील काम दिवसअखेरीस करावे आणि खुरपी, पाय व चपला तिथेच धुऊन मग घरी जावे.