कॉक्लियर इम्प्लांटनंतर या चुका टाळा

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे नीट ऐकू न येणाऱ्यांच्या कानात ऑपरेशनने बसवलेलं, श्रवणाच्या नसेला विजेचे संकेत देणारं यंत्र. ऑपरेशन होतं, जखम भरते, यंत्र पहिल्यांदा सुरू करण्याचा म्हणजे स्विच-ऑनचा दिवस उजाडतो आणि बहुतेकांचा हिरमोड होतो. माणसांचे आवाज चिरके, यंत्रातून आल्यासारखे वाटतात. बाई बोलतेय की पुरुष, तेही कळत नाही. मशीन बिघडलेलं नसतं. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण 3,500 असतात. आता त्यांचं काम 12 ते 22 इलेक्ट्रोड करतात. एवढ्याशा संकेतांवरून शब्द ओळखायला मेंदूला शिकावं लागतं, आणि कानावर सतत आवाज पडला तरच तो शिकतो.

म्हणून सगळ्यांत मोठी चूक म्हणजे प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपणारा बाहेरचा भाग, काढून ठेवणं. "घरात कुणी नाही, मग कशाला लावू?" असं अनेकजण म्हणतात. अहो, कुणी नसतं तेव्हाच तर नळाचं पाणी, कुकरची शिट्टी, स्वतःची पावलं नीट ओळखता येतात! सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत प्रोसेसर लावा. सुरुवातीला डोकं खरंच शिणतं. तेव्हा थोडा वेळ शांत खोलीत बसा, पण दिवसच्या दिवस मशीन डबीत ठेवू नका.

मॅपिंगला, म्हणजे प्रोसेसरचं सेटिंग जुळवून घ्यायला, गेल्यावर "सगळं ठीक आहे" म्हणणं हीसुद्धा चूकच. ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) तुमच्या डोक्यात काय ऐकू येतं ते दिसत नाही. 'स' आणि 'श' सारखेच वाटतात, भांडं पडलं की कळ येते, पंख्याखाली बोलणं बुडतं, असं जे जाणवेल ते लिहून न्या. नुसता "आवाज वाढवा" असा आग्रह धरू नका. मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे. घरच्यांनीही ओरडून बोलू नये, ओरडल्याने शब्द फाटतात.

सरावाला एखादं पुस्तक हातात धरून त्याचंच ध्वनिमुद्रण ऐका. जमू लागलं की पुस्तक मिटून ऐका. फोनची सुरुवात ओळखीच्या माणसाशी, ठरलेल्या विषयावर करा.

आवाज अचानक गेला तर लगेच घाबरू नका. बिघाड बहुधा बाहेरच्या भागात असतो. आधी सेल बदला. झिंक-एअर सेल असेल तर स्टिकर काढून एखादा मिनिट उघडा ठेवा, हवा लागल्यावरच तो चालू होतो. मग प्रोग्रॅम आणि आवाजाची पातळी पाहा, डोक्याला चुंबकाने चिकटणारी कॉइल नीट चिकटलीय का बघा, जादा केबल असेल तर ती लावून पाहा. आवाज दबलेला येत असेल तर मायक्रोफोनचं कव्हर बदला आणि रात्री प्रोसेसर ओलावा शोषणाऱ्या ड्राय बॉक्समध्ये ठेवा. एवढं करूनही फरक पडला नाही तर क्लिनिक गाठा.

कॉइल सारखी पडते म्हणून स्वतःच्या मनाने जास्त ताकदीचं मॅग्नेट बसवू नका. त्वचा दबून लाल होते, जखमही होऊ शकते. लाली किंवा दुखरेपणा दिसला की लगेच दाखवा.

लहान मूल तक्रार करत नाही, त्यामुळे त्याची तपासणी रोज सकाळी आपणच करायची. मुलाच्या पाठीमागून, नेहमीच्या आवाजात आ, ई, ऊ, म, श, स म्हणा आणि प्रतिसाद पाहा. काल 'स' ऐकणारं मूल आज गप्प राहिलं तर आधी सेल आणि कव्हर तपासा.

आणि एमआरआय किंवा कुठल्याही ऑपरेशनआधी, दाताच्या डॉक्टरांकडेसुद्धा, इम्प्लांटचं कार्ड दाखवा. आतल्या चुंबकामुळे एमआरआय कसा करायचा हे मॉडेलनुसार ठरतं, आणि डोक्याजवळ काही प्रकारची विद्युत कॉटरी (ऑपरेशनमध्ये विजेने रक्तस्राव थांबवणारं उपकरण) वापरायला मनाई असते.