कोकणात गाडी नेताना: फोनचा मॅप पुरे, की वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं?

चिपळूणहून गुहागरकडे निघालात आणि मुख्य रस्ता सोडून एखाद्या वाडीकडे आत वळलात, की हे बऱ्याचदा होतं. फोनवरचा निळा ठिपका पुढे सरकत राहतो, पण त्याच्या खालचा रस्ता दिसेनासा होतो. राखाडी पडदा आणि त्यावर एकटा ठिपका. मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणतं, "जीपीएस गेलं."

जीपीएस गेलेलं नसतं, रेंज गेलेली असते. यातला फरक एकदा समजला की फोन की यंत्र हे ठरवणं बरंच सोपं होतं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपलं यंत्र त्यांचे संदेश फक्त ऐकतं. किमान चार उपग्रह ऐकू आले की जागा कळते. त्यासाठी ना इंटरनेट लागतं, ना सिमकार्ड. फोनला इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला, ठिकाण शोधायला आणि पुढे ट्रॅफिक कुठे आहे ते कळायला. गाडीसाठीच बनवलेल्या यंत्रात नकाशा आधीपासून भरलेला असतो, म्हणून रेंज गेली तरी त्याचा रस्ता पुसला जात नाही. फोनमध्येही नकाशा आधीच उतरवून ठेवला तर फोनही तेवढाच भरवशाचा होतो.

माझं मत आधीच सांगतो. वर्षातून दोन-चारदा, गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांना वेगळ्या यंत्राची गरज नाही. रस्त्यावरच ज्यांचं पोट आहे, त्यांनी मात्र विचार करावा. पण माझ्या मतावर जाऊ नका, स्वतः पडताळून पाहा.

आधी आपला प्रवास लिहून काढा

गेल्या वर्षभरात गाडी कुठे कुठे नेली ते कागदावर लिहा: किती वेळा, दिवसा की रात्री, एकट्याने की शेजारी कोणी होतं, आणि वाटेत किती फोन आले. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. माझा मेहुणा आंब्याच्या सीझनमध्ये देवगडहून रात्री पिकअपमधून पेट्या घेऊन निघतो. गाडी भरल्यापासून व्यापाऱ्यांचे फोन सुरू. नेमक्या फाट्यावर फोन वाजायचा, पडद्यावर कॉल यायचा आणि वळण मागे राहायचं. भरल्या गाडीनिशी अंधारात अरुंद रस्त्यावर मागे वळणं किती अवघड असतं, ते चालवणाऱ्यालाच ठाऊक. त्याने वेगळं यंत्र घेतलं आणि ते त्याच्या कामी आलं, कारण ते रस्ता दाखवण्यापलीकडे काही करत नाही.

गणपतीत येणाऱ्यांचं गणित उलटं. पेण, कोलाड, माणगाव या पट्ट्यात पुढे किती गाड्या तुंबल्यात हे त्यांना त्या घटकेला कळायला हवं. ती माहिती फोनवर मिळते, कारण ती पुढे असलेल्या इतर फोनांकडूनच गोळा होते. एकट्या यंत्राला हे जमत नाही. काही यंत्रं ट्रॅफिक दाखवतात, पण त्यासाठी त्यांना बहुधा तुमच्याच फोनचं इंटरनेट घ्यावं लागतं.

फोनची परीक्षा घ्या

यंत्रावर पैसे घालण्याआधी हे करून बघा. घरच्या वायफायवर गुगल मॅप्स उघडा, वर उजवीकडे आपल्या फोटोवर बोट ठेवा, ऑफलाइन मॅप्समध्ये जा आणि चौकट ओढून आपला भाग निवडा. चौकट ऐसपैस ठेवा. गाव रत्नागिरी जिल्ह्यात असलं तरी आंबा घाट, कुंभार्ली घाट आणि वरचं कराड-कोल्हापूरही आत घ्या, म्हणजे महामार्ग अडला तर घाटावरून वळसा घेता येईल. उतरवलेला नकाशा काही काळाने जुना होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री तो अपडेट करा.

मग मोबाइल डेटा बंद करा आणि ओळखीच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर गाडी चालवा. ठिपका रस्त्यावर राहतो का, वळण वेळेत सांगतो का, दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो का, ते पाहा. ऑफलाइन असताना ट्रॅफिक दिसणार नाही आणि पर्यायी रस्तेही सुचवले जाणार नाहीत. तेवढं चालण्यासारखं असेल तर तुमचा फोन पुरेसा आहे.

आणखी एक. रेंज असते तेव्हा उपग्रह कुठे आहेत याची माहिती फोन इंटरनेटवरून झटकन घेतो. रेंज नसेल तर तीच माहिती उपग्रहांकडून सावकाश उतरते आणि पहिला ठिपका दिसायला वेळ लागतो. म्हणून मार्ग लावायचा तो घरून किंवा हायवेवरच्या हॉटेलातून निघताना, नदीकाठच्या खोलगट गावात पोचल्यावर नव्हे. ढगांनी आणि पावसाने जीपीएस फारसं अडत नाही. अडतं ते डोंगर कापून केलेल्या खोल रस्त्यात, दाट झाडीत आणि बोगद्यात. कशेडीच्या बोगद्यात ठिपका भरकटला तर घाबरू नका, बाहेर पडल्यावर तो जागेवर येतो.

स्टँड, ऊन आणि चार्जर

काचेला चिकटवलेला फोन मे महिन्यात तापतो. नेव्हिगेशन चालू, चार्जिंग चालू आणि वरून ऊन, मग पडदा मंद होतो आणि कधी फोन स्वतःच बंद पडतो. स्टँड एसीच्या झडपेपाशी लावा, म्हणजे थंड हवा फोनच्या पाठीला लागते. जुन्या गाड्यांच्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपिअरच वीज मिळते. तेवढ्यावर नेव्हिगेशन चालू असलेल्या फोनची बॅटरी चार्जिंगला लावूनही उतरत जाते. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा चांगला चार्जर घ्या.

फोन हातात धरून मात्र चालवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून फोनचा वापर रस्ता पाहण्यापुरताच, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करायला मुभा आहे. गाडीच्या स्क्रीनवर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालत असेल तर ते सगळ्यात उत्तम: पडदा मोठा, आणि फोन खिशात.

यंत्र घ्यायचंच ठरलं तर

दुकानात पहिला प्रश्न विचारा: यातला भारताचा नकाशा कधीचा आहे, आणि पुढचे अपडेट फुकट मिळतात का? मुंबई-गोवा महामार्ग इतकी वर्षं बदलतो आहे की जुना नकाशा तुम्हाला जुन्याच घाटातून नेतो, आणि नव्या रस्त्यावर गेलात तर गाडी डोंगराच्या पोटातून चालल्यासारखी दाखवतो. अपडेट करायला कॉम्प्युटर किंवा वायफाय लागतं. तेवढी उठाठेव होणार नसेल तर यंत्र घेऊ नका.

जुनं, वापरलेलं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर ते बाहेर मोकळ्यावर न्या, सुरू करा आणि त्यावरची तारीख बघा. जीपीएसमधला आठवड्यांचा आकडा दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं, तेव्हा काही जुन्या यंत्रांच्या तारखा चुकल्या. तारीख चुकीची दिसली तर ते यंत्र राहू द्या. पडदा उन्हात वाचून पाहा, आणि बॅटरीच्या भरवशावर राहू नका. ही यंत्रं गाडीच्या सॉकेटवर चालवण्यासाठीच असतात.

ठिकाण नीट टाका

फोन असो की यंत्र, कोकणात बहुतेक चुका इथे होतात. आपल्याकडे नावं पुन्हा पुन्हा येतात. मुरूड म्हटलं की एक जंजिऱ्याजवळचं, एक दापोलीचं कर्दे-मुरूड आणि एक थेट लातूरचं. पाली म्हटली तर बल्लाळेश्वराची, आणि दुसरी हातखंब्यापुढची, रत्नागिरीची. इंदापूर रायगडातही आहे आणि पुणे जिल्ह्यातही. म्हणून नुसतं गावाचं नाव लिहून "स्टार्ट" दाबू नका. आधी जिल्हा आणि तालुका बघा, मग किती किलोमीटर दाखवतोय ते बघा. पनवेलहून दापोलीच्या मुरूडला जाताय आणि अलिबागकडे वळा असं येतंय, तर ठिकाणच चुकलं आहे.

वाडीतल्या घराला तर पत्ता नसतोच. "गुरववाडी, देवळाच्या मागे" हे यंत्राला कळत नाही. घरच्या माणसाला सांगा की अंगणात उभं राहून लोकेशन पाठव, आणि ते रेंज असतानाच सेव्ह करून ठेवा. वेगळ्या यंत्रात व्हॉट्सअ‍ॅपची लिंक उघडत नाही, तिथे अक्षांश-रेखांशाचे आकडे हातानेच भरावे लागतात. भरताना यंत्र अंश-मिनिटं मागतंय की दशांश, हे नक्की पाहा. १७ अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात १७.५. ते १७.३० असं भरलंत तर सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला जाल, आणि आपल्या किनाऱ्यावर तेवढ्यात मध्ये एखादी खाडी येते. दशांशाच्या पुढे चार आकडे भरले की दहा-बारा मीटरपर्यंत अचूक जागा मिळते.

शेवटचा अर्धा किलोमीटर मात्र नकाशावर सोडू नका. नकाशात बारीक रेघ म्हणून दिसते ती कधी पाखाडी असते, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, आणि पूल वाटतो तो पऱ्यावरचा साकव निघतो, माणूस जाईल एवढाच. दोन्ही बाजूंनी गडगा लागला आणि रस्ता गाडीएवढाच उरला की थांबा, उतरा आणि पुढे चालत जाऊन पाहून या.

खाडी आणि घाट

एका श्रावणात पाहुण्यांना घेऊन गुहागरहून दाभोळला निघालो होतो. नकाशाने धोपाव्याहून फेरीबोटीचा रस्ता लावला आणि पोचायची वेळही दाखवली. धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची बोट पलीकडे लागलेली होती. समोर पाण्यापार दाभोळचे दिवे दिसत होते, आणि रस्त्याने जायचं तर चिपळूण, खेड, दापोली करून शंभराहून जास्त किलोमीटर. गाडीत लहान मूल झोपलेलं. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: मार्गात बोट आली की आधी फोन करून शेवटच्या फेरीची वेळ विचारायची.

सागरी मार्गाने जाताना जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा इथे फेरीबोट लागते. बोटी रात्री थांबतात, आणि वारा-लाटा वाढल्या की दिवसाही. अंधार पडल्यावर निघणार असाल तर मार्गाच्या पर्यायांत "फेरी टाळा" हे चालू करा. वेगळ्या यंत्रांतही बहुधा ही सोय असते, फक्त ती सेटिंगमध्ये शोधावी लागते.

घाटांचंही तसंच. पावसाळ्यात वरंध घाट दरड किंवा कामामुळे बंद असतो, आणि नकाशाला ते उशिरा कळतं. जवळचा म्हणून दाखवलेला घाट रात्री घेऊ नका. महाडला किंवा चिपळूणला पेट्रोल भरताना पंपावर विचारा, "वरून गाड्या येतायत का?" घाटातून नुकताच उतरलेला ट्रकवाला जे सांगेल, ते फोनच्याही आधीचं असतं.

निघण्याआधी मार्गातली गावं ओळीने एका कागदावर लिहा: खेड, चिपळूण, सावर्डा, संगमेश्वर, हातखंबा. खाली ज्यांच्याकडे जाताय त्यांचा नंबर, आणि त्यांच्या गावात रेंज नसते म्हणून नाक्यावरच्या दुकानदाराचाही. मग तो कागद सन व्हायझरला खोचून ठेवा.