केळीवाल्यांच्या ग्रुपचं अॅडमिन व्हायचं असेल तर

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपड्याकडे केळीचा भाव, पानावरचा डाग, कापणीला माणसं, सगळ्याची विचारणा आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते. एका ग्रुपात १०२४ जण मावतात. तो सांभाळणाऱ्याला पगार नसतो, पण जबाबदारी खरी असते, म्हणून काम पहिल्यापासून लावून घ्या.

एकट्याने अॅडमिन राहू नका. किमान तिघं हवेत आणि वेळा वाटून घेतलेल्या हव्यात. त्यांतल्या एकाला अहिराणी आणि एकाला लेवा गणबोली चांगली कळत असावी, नाहीतर थट्टेला शिवी समजून मेसेज काढला जातो आणि माणूस कायमचा दुखावतो.

सर्वांत जड काम अफवेचं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी फिरते या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. तरी पहिला अडसर अॅडमिनच असतो. असा मेसेज दिसला की आधी ‘फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे सेटिंग लावा, कारण तुम्ही लिहीपर्यंत खाली पन्नास उत्तरं जमतात आणि अफवेला बळ येतं. मग स्क्रीनशॉट, मग सर्वांसाठी डिलीट. क्रम उलटा झाला तर पोलिसांना दाखवायला हाती काही उरत नाही. त्यानंतर दोन ओळी लिहा: ही माहिती खरी असल्याचा पुरावा नाही, कुणी पुढे पाठवू नये, संशय असेल तर ११२ ला फोन करावा. पाठवणाऱ्याशी फोनवर बोला. बहुतेकांनी तो मेसेज भीतीपोटीच टाकलेला असतो.

रोजची डोकेदुखी म्हणजे पानाचा फोटो. पिवळ्या रेषा दिसल्या की कुणी लगेच ‘हरण्या आला’ म्हणतं आणि पाठोपाठ औषधाची जाहिरात येते. हरण्या, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), हा विषाणूचा रोग आहे. तो मावा या रस शोषणाऱ्या किडीमुळे पसरतो आणि लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नाही. ते झाड मुळासकट उपटून नष्ट करावं लागतं. म्हणून नियम ठेवा: फोटोसोबत झाडाचं वय, रोप टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं) की मुनव्याचं (जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या कोंबाचं), शेजारच्या किती झाडांवर लक्षणं आहेत आणि पूर्ण झाडाचा दुसरा फोटो. एवढं नसेल तर उत्तर देऊ नका, अंदाजाने सांगितलेली फवारणी पैसे घालवते. शंका राहिली तर पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवा. दुकानदारांना जाहिरातीसाठी आठवड्याचा एक दिवस द्या, मग रोजची कटकट राहत नाही.

सदस्यांनाही चार गोष्टी आधीच स्पष्ट सांगा. रात्री दहानंतर अॅडमिनला फोन नाही. मेसेज का काढला, हे ग्रुपवर नव्हे, खासगीत विचारायचं. अॅडमिननेही कारण एका ओळीत द्यायचं, कारण डिलीट करणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसतं आणि मौनाचा अर्थ लोक दुष्मनी असाच लावतात. माणूस काढण्याआधी एकदा ताकीद द्या. शिवीगाळ सोसत बसणं हे सेवेत येत नाही. अॅडमिनचा मान राखला नाही तर चांगला माणूस महिनाभरात सोडून जातो.

कायद्याची धास्ती मात्र नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, समान हेतू नसेल तर, केवळ अॅडमिन म्हणून कुणी दोषी ठरत नाही. पण दिसूनही तो मेसेज तसाच ठेवू नका.

सोडायचं ठरलं तर आधी दुसऱ्याला अॅडमिन करा, आमंत्रणाची लिंक रीसेट करा, नियमांचा मेसेज त्याच्याकडे द्या आणि मगच बाहेर पडा. शेवटचा अॅडमिन तसाच निघाला तर व्हॉट्सअॅप आपोआप कुणाही सदस्याला अॅडमिन करतं.